तबला टेबलावर, डग्गा टेबलाखाली

एके काळी कॉम्प्युटर असलेल्या घरात फाइव्ह पॉइंट वन स्पीकरचा संच असणं म्हणजे केवढी ऐट होती! पाच पिटुकले सॅटेलाइट स्पीकर, खालच्या सुरांसाठी एक ठोकळा सबवूफर आणि मागे तीन रंगांच्या पिना. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, केशरी सेंटर आणि सबची. मी माझा संच मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून उचलला आणि मांडीवर घेऊन पुण्याला आणला. खोक्यावर चार आकडी पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, वॉट छापलेले होते. सबवूफरच्या पाठीवर, जिथे कोणी सहसा बघत नाही तिथे, एका बारीक पट्टीवर लिहिलं होतं: २३० व्होल्ट, ६० वॉट. म्हणजे भिंतीतून साठ वॉट घेऊन हजारो वॉट बाहेर फेकणारं यंत्र माझ्या टेबलाखाली होतं. भौतिकशास्त्राचे नियम त्या काळात खोके छापणाऱ्यांना लागू नसावेत.

तरी तक्रार नव्हती. सिनेमा लावला की विमान डोक्यावरून जायचं, स्फोट झाला की खिडकीची तावदानं खुळखुळायची, आलेला पाहुणा दचकून मागे वळून बघायचा. एवढं झालं की पैसे वसूल.

मग घरून काम सुरू झालं आणि दिवसाचे आठ-नऊ तास त्याच टेबलाशी जाऊ लागले. सिनेमा कमी, गाणं जास्त. सकाळी कामाला बसलो की एखादा ख्याल, दुपारी नाट्यपदं, कंटाळा आला की तबल्याचं सोलो वादन. आणि एकदा त्या सोलोतच लक्षात आलं की आपल्याकडे तबलजी दुभंगला आहे. 'ना' आणि 'तिं' मॉनिटरच्या शेजारून येत होते, 'गे' माझ्या पायाशी. 'धा' तर धड एका जागी पडतच नव्हता. शाईवरचं टणक बोट समोर आणि डग्ग्याचा घुमारा डाव्या घोट्याजवळ, सबवूफर तिथे ठेवला होता म्हणून. वादकाने मनगट दाबून घिस्सा काढला की तो सूर टेबलाखालून निघून कुठेतरी मध्येच विरायचा आणि वर पोचायचाच नाही.

एकदा ऐकलं की मग ते ऐकू येतच राहतं. पुरुष गायक खाली उतरला की त्याचा आवाज जमिनीला लागायचा, वर गेला की टेबलावर चढून बसायचा. सरगम जिना चढल्यासारखी ऐकू येत होती.

कारण शोधायला फार काही लागलं नाही. इंटरनेटवर टोन जनरेटर फुकट मिळतो, हव्या त्या हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवून देतो. तो लावला आणि एका सॅटेलाइटला कान चिकटवून बसलो. ५०० हर्ट्झला खणखणीत. ३०० ला ठीक. २०० ला सॅटेलाइट कुजबुजायला लागला आणि तेव्हाच टेबलाखालून कोणीतरी सूर धरला. १५० ला सॅटेलाइट गप्प. हात लावला तर पडदासुद्धा हलत नव्हता. सगळं गाणं ठोकळ्याकडे.

आता हिशेब बघा. काळी एकचा पुरुषी षड्ज जवळजवळ १३९ हर्ट्झला असतो, त्याचा खर्ज ६९ ला. म्हणजे काळी एकला गाणाऱ्या बुवांचा खुद्द षड्जच माझ्या घरी टेबलाखालून येत होता आणि पंचमाच्या आसपास कुठेतरी ते वर येऊन बसत होते. पडदा तीन इंचांहून लहान आणि डबी मुठीएवढी असली की त्याहून खाली जाता येतच नाही, तेवढी हवाच ढकलली जात नाही. म्हणून असल्या संचांत सबवूफरला त्याच्या हद्दीबाहेरचं काम देतात. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते आपल्या कानांना नीट कळत नाही, त्यामुळे खराखुरा सबवूफर कोपऱ्यात दडवता येतो. दीडशे-दोनशेपर्यंत गायला लावला की तो पकडला जातो. मोठ्या सिनेमाला हे लपून जातं, कारण तिथे एवढं सगळं एकदम चाललेलं असतं. तबल्याला कुठे लपणार?

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि असल्या उद्योगांत त्याला माझ्यापेक्षा जास्त रस. तो म्हणाला, "मामा, नुसते पुढचे दोन बदला ना. बुकशेल्फ स्पीकर लावा, बाकी सगळं आहे तसं." ऐकायला सरळ वाटतं. माझ्या एका मित्राकडे बुकशेल्फची, म्हणजे टेबलावर मावतील अशा मध्यम स्पीकरची, जुनी जोडी माळ्यावर पडून होती, ती आणली. संचाच्या सॅटेलाइटना आरसीए पिना, बुकशेल्फच्या पाठीवर लाल-काळे मळसूत्री खुंट. एक जुनी आरसीए वायर कापली, टोकं सोलली, पिळून खुंटांना आवळली आणि सबवूफरच्या पाठीत पुढच्या दोन भोकांत पिना खोचल्या.

वरचा भाग लगेच सुधारला. झांज झांजेसारखी वाजली, तंबोऱ्याची जवार मोकळी झाली. पण डग्गा? टेबलाखालीच. भाचा चक्रावला. पुन्हा टोन जनरेटर लावला, आणि पाच इंची वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा पडदा, असलेला तो गृहस्थ १५० हर्ट्झला त्या पिटुकल्यासारखाच गप्प.

इथे या संचांची खरी मेख आहे. टेबलाखालचा ठोकळा नुसता सबवूफर नसतो. पाचही सॅटेलाइटचे ॲम्प्लिफायर त्याच्याच पोटात, आणि सूर कुठे तोडायचा तेही तिथेच ठरतं. अमुक हर्ट्झच्या खालचं सॅटेलाइटकडे पाठवायचंच नाही, अशी गाळणी आतल्या सर्किटमध्ये बसवलेली असते. लहान पडदे फाटू नयेत म्हणून ती लागतेच. तुम्ही त्या तारेला कितीही थोरला स्पीकर जोडा, त्याच्या ताटात पडायचं तेवढंच पडणार. शिवाय तो ॲम्प ४ ओहमच्या सॅटेलाइटसाठी मापलेला, बुकशेल्फ बहुतेक ८ ओहमचे, म्हणजे पॉवरही निम्म्यावर येते. जळत वगैरे काही नाही, फक्त अर्थ उरत नाही. तेव्हा ज्यांना फक्त पुढचे दोन बदलायचे आहेत त्यांनी हे धरूनच चालावं की ॲम्प वेगळा लागणार. सुरुवात तिथून.

दुकानात गेलो की पहिला प्रश्न, "किती वॉटचे पाहिजेत, साहेब?" त्याचं काही चुकत नाही, गिऱ्हाइकं तेच विचारतात. पण वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघावा. एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. ८६ ते ८८ हा बुकशेल्फचा नेहमीचा पट्टा. ८८ चा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो आणि टेबलाशी बसणारा माणूस एक मीटरच्या आतच असतो. ८८ डेसिबल ऐकत दिवसभर काम करून दाखवा. मी ऐकतो तो आवाज बहुतेक वेळा अर्ध्या वॉटचासुद्धा नसेल. आणि वॉट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तेव्हा पन्नास की ऐंशी या वादात रात्र घालवण्यात हशील नाही.

जोडी मी वापरलेली घेतली. वॉर्फडेलच्या डायमंड मालिकेतली, पाच इंची वूफरवाली. ही कंपनी १९३२ साली यॉर्कशरमध्ये गिल्बर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थाने सुरू केली. आता माल चीनमधून येतो, पण लाकडाचं आणि पडद्याचं काम पैशाच्या मानाने नेटकं असतं. आपल्याकडच्या सोनोडाइनचाही विचार केला होता. कोलकात्याची जुनी कंपनी, सत्तरच्या दशकापासूनची, आणि वडिलांच्या पिढीतल्या हौशी लोकांत तिचं नाव आदराने घेतलं जायचं. पण मनासारखी जोडी पुण्यात मिळेना, आणि ही चौदा हजारांत धानोरीला एका घरी मिळाली.

वापरलेले स्पीकर घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पहिलं, पडद्याभोवतीची कड. जुन्या जोड्यांत ती फोमची असते आणि आपल्या हवेत, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत राहिलेली असेल तर, बोट लावलं की भुगा होतो. रबराची असेल तर निर्धास्त. दुसरं, चार बोटं पडद्यावर समान टेकवून अगदी हलकेच आत ढकलायचं. खरखर लागली तर आतली कॉइल घासते आहे, हात जोडून बाहेर पडावं. तिसरं, ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्याचा, घुमट. घरात लहान मूल असेल तर तो हमखास आत दाबलेला असतो. मुलांना त्या घुमटाचं काय आकर्षण असतं कोण जाणे. माझ्या जोडीतल्या एकाच्या जाळीवर वॅक्स क्रेयॉनची निळी रेघ होती, घुमट मात्र दोन्ही शाबूत. ती रेघ दाखवून पाचशे रुपये कमी करून घेतले. चौथं, दोन्ही स्पीकर एकेक करून त्याच गाण्यावर ऐकायचे. जोडीतला एक मंद निघाला तर स्वस्त मिळाला म्हणूनही घेऊ नये.

ॲम्पसाठी तेव्हा फार खर्च करायचा नव्हता. हल्ली तळहाताएवढ्या डबीत बसणारे क्लास डी ॲम्प मिळतात. त्यांतल्या पुष्कळांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ नावाची चिप असते आणि त्या जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. जाहिरातीत पन्नास अधिक पन्नास वॉट, पण तो आकडा ४ ओहमचा आणि २१ व्होल्टचा. १९ व्होल्टवर ८ ओहमला बावीसच्या वर जाणंच शक्य नाही. व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट, कोणीही करून बघावं. वर सांगितलेल्या अर्ध्या वॉटच्या हिशेबाने बावीस म्हणजे चैन.

वायर आणायला तापकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेचं काय मिळत नाही ते विचारा. तिथे "ऑक्सिजन फ्री कॉपर" म्हणून मिळणाऱ्या गुटगुटीत पारदर्शक वायरीत पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने एक तार खरवडायची. आतून पांढरी निघाली तर मुलामा, लालच राहिली तर तांबं. दुकानातल्या काकांनी मला खरवडताना पाहिलं, काही न बोलता ते गुंडाळं उचललं आणि आतून दुसरं काढून दिलं. "हे घ्या. हे तुमच्यासारख्यांसाठी." सोळा गेजची दहा मीटर घेतली. टेबलावरच्या दोन-तीन मीटरला याहून जाड तार घेऊन काही होत नाही, आणि हजारो रुपये मीटरच्या वायरी हा तर स्वतंत्र भक्तिमार्ग आहे.

जोडणीत एकच जपायचं, लालला लाल आणि काळ्याला काळी. एक स्पीकर उलटा जोडला गेला की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गायक मधोमध न बसता खोलीभर पसरतो. शंका असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यावा, त्याचं अधिक टोक लाल खुंटाला आणि उणे टोक काळ्याला क्षणभर टेकवावं. दोन्ही पडदे बाहेरच्या बाजूला उडी मारताना दिसले की झालं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मात्र घूंऽऽ असा आवाज. गाणं बंद असलं तरी घूंऽऽ. आणि माउस हलवला की त्यात बारीक किरकिर. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि ॲम्प तीन वेगळ्या बोर्डांवर होते आणि अर्थिंगच्या वाटेने वीज चक्कर मारत होती. तिघांना एकाच एक्स्टेंशनवर आणलं तेव्हा निम्मा गेला. उरलेला गेला तो ऑप्टिकल वायरीने. कॉम्प्युटरच्या मागच्या लाल दिव्याच्या भोकातून प्रकाशाची तार एका छोट्या डॅकला (आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीला), आणि डॅकमधून ॲम्पला. प्रकाशाच्या तारेत तांबंच नाही, तर घूंऽ येणार कुठून?

तरी गाणं लावलं ते मनासारखं लागेना. डग्गा वर आला होता, ते खरं. पण सगळ्याला एक भोंगळपणा, जणू गायक टेबलाच्या खणात तोंड घालून गातोय. दोष स्पीकरचा नव्हता. ते मी सरळ टेबलावर ठेवले होते, ट्वीटर माझ्या गळ्याच्या उंचीला आणि दोन्ही स्पीकर मॉनिटरच्या कानाशी. स्पीकरमधून निघालेला आवाज एकदा थेट येतो आणि एकदा टेबलावर आपटून येतो. दोन्ही मिसळले की मधले सूर फुगतात. भिंतीचंही तसंच. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ४० सेंटीमीटरवर असेल तर मागे जाऊन परतणारा आवाज २१४ हर्ट्झच्या आसपास बरोबर उलटा होऊन येतो आणि तिथे खड्डा पडतो. अंतर बदललं की खड्डा सरकतो. ते घालवता येत नाही, कुठे पडू द्यायचा ते ठरवता येतं. जागा बदलत बसलो तसं हे एकेक कळत गेलं.

सोसायटीत एका घरी सुताराचं काम चालू होतं. त्याच्याकडून अठरा मिलीमीटर प्लायच्या दोन घोड्या करून घेतल्या, मागे उतरत्या, म्हणजे स्पीकरचं तोंड किंचित वर होतं आणि ट्वीटर कानाकडे बघतो. त्यांच्याखाली वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालतात ते रबराचे तुकडे. स्पीकरच्या पाठीतली हवेची नळी भिंतीपासून वीतभर पुढे. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकापासून माझ्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं, म्हणजे समभुज त्रिकोण. भाच्याने शिवणाची टेप धरून मोजला आणि माझ्या खुर्चीच्या चाकांशी फरशीवर पेन्सिलीने खूण केली. कपाटाच्या कप्प्यात मात्र हे स्पीकर कोंबू नयेत. मागची नळी कोंडली की डग्गा पिंपासारखा वाजतो.

मग तेच सोलो पुन्हा लावलं. तबलजी मॉनिटरच्या किंचित मागे, मधोमध बसला होता. 'धा' एका हाताच्या अंतरात पडत होता, उजवीकडे चाट, डावीकडे घुमारा. घिस्सा घेतला की सूर खालून वर सरकत जातो ते अख्खं ऐकू आलं, मनगट चामड्यावरून घसटतं त्या कोरड्या आवाजासकट. माझ्या जोडीची कागदावरची खालची मर्यादा ६५ हर्ट्झ आहे. डग्ग्याला तेवढं पुरतं, काळी एकच्या खर्जालाही पुरतं. नुसत्या गाण्यासाठी ज्याला हे करायचं आहे त्याने खरं तर इथेच थांबावं. लोक म्हणतात महिनाभर वाजवल्यावर स्पीकर मोकळे होतात. माझा अंदाज, कान सरावतात.

मी थांबलो नाही, कारण भाच्याला गेममध्ये मागून येणाऱ्या पावलांचा आवाज पाहिजे होता आणि मलाही सिनेमातलं विमान चुकल्यासारखं होत होतं. दोन स्पीकरवर सिनेमा उत्तम वाजतो, पण सगळा समोरच घडतो. सिनेमागृहांत डॉल्बी डिजिटल आलं १९९२ साली, आणि घरोघरचं फाइव्ह पॉइंट वन तिथूनच झिरपत खाली आलं. इतक्या वर्षांची सवय एकदम जात नाही. तेव्हा शोधाशोध करून डेननचा एक वापरलेला रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर एकत्र चालवणारा ॲम्प, घेतला, अकरा हजारांना. रिसीव्हर जुना घेताना त्याचं प्रत्येक एचडीएमआय भोक वायर लावून तपासावं. ॲम्प वीस वर्षं चालतो, एचडीएमआयचा बोर्ड आधी मान टाकतो.

कॉम्प्युटर रिसीव्हरला जोडला तो एचडीएमआयने. ऑप्टिकल का नाही, तर त्यातून सुटे दोनच चॅनल जातात. सहा पाठवायचे तर डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबून पाठवावे लागतात. सिनेमात ते आधीच दाबलेले असतात, गेममध्ये नसतात. एचडीएमआयमधून सगळे सुटेच जातात. पण एचडीएमआयची स्वतःची एक गंमत आहे. कॉम्प्युटरला वाटतं रिसीव्हर म्हणजे दुसरा मॉनिटर. माउस उजवीकडे नेला की तो त्या न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जातो, आणि उघडलेली खिडकी कधीकधी तिकडेच उघडते. मॉनिटर रिसीव्हरमधून घ्यावा तर जुन्या रिसीव्हरमधून चित्र सेकंदाला साठच वेळा जातं आणि भाच्याचा मॉनिटर १४४ चा. मग त्याची तोंडं बघा. तोडगा त्यानेच काढला. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या पडद्याचा चौकोन ओढून पहिल्याच्या अगदी खालच्या कोपऱ्याला, टोकाला टोक लागेल असा तिरका लावायचा. माउसला पलीकडे जायला एका ठिपक्याएवढी फट उरते. त्यानंतर हरवलेला नाही.

मागचे दोन स्पीकर कुठले? जुन्या संचातलेच. लोक म्हणतील एवढं करून तेच पिटुकले? हो. मागे येतं ते बहुतेक पाऊस, गर्दी, टाळ्या, दाराची कुरकुर; तिथे बुवा षड्ज लावत नाहीत. रिसीव्हरमध्ये त्यांना लहान म्हणून सांगितलं आणि २०० हर्ट्झला तोडलं, म्हणजे त्यांना झेपणार नाही ते पुढच्यांकडे आणि सबकडे जातं. ओहम कमी असल्यामुळे आवाज बेताचाच ठेवतो. आधी एक कपाटावर होता आणि एक दाराच्या चौकटीवर. नियमाप्रमाणे ते समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागे. आता दोन्ही भिंतींवर, डोक्याच्या थोडे वर. रिसीव्हरबरोबरचा माइक कानाच्या जागी ठेवून अंतरं आणि पातळ्या मोजून घेतल्या. दर वेळी टूऽप टूऽप आवाज येतो आणि घरातल्यांनी श्वास रोखून उभं राहायचं.

उरला ठोकळा. तो फेकवेना. पाठीवरच्या केशरी भोकात सेंटर आणि सब दोघे असतात. रिसीव्हरच्या सबच्या भोकातून एक आरसीए वायर, पुढे आरसीएची साडेतीन मिलीमीटरची पिन करणारा जोड, आणि त्यातलं कुठलं टोक सबचं ते आलटून पालटून बघायचं. आवाज कमी-जास्त करायची गोल डबी मात्र जोडलेलीच ठेवावी लागते, तिच्याशिवाय माझा संच सुरूच होत नाही. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झला तोडलं. त्याच्या वरचं त्याच्याकडे जातच नाही, त्यामुळे तो कुठून वाजतो ते आता कळत नाही.

जागा शोधायचा प्रकार मात्र घरात गाजला. माझी खोली दहा बाय बारा. एवढ्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झला भिंतींमध्ये लाटा उभ्या राहतात. काही जागी आवाज तिप्पट, काही जागी शून्य. उपाय असा की सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवायचा, खालच्या सुरांचं काहीतरी लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे आवाज सारखा आणि आटोपशीर लागेल ती त्याची जागा. मी टेबल आणि पलंगाच्या मधल्या फटीत डोकं घालून होतो तेव्हा आई दारात आली. खुर्चीवर ठोकळा आणि जमिनीवर मी. "काय हरवलंय?" म्हणाली. जागा सापडली ती खिडकीखालच्या भिंतीच्या साधारण मध्यावर, जिथे मी आपणहून कधीच ठेवला नसता. कोपऱ्यात तो ५६ ला इतका फुगायचा की सिनेमातला प्रत्येक दरवाजा एकाच सुरात आपटायचा.

गाण्याच्या वेळी मी रिसीव्हरवर नुसतं स्टीरिओ लावतो. मागचे बंद, ठोकळा बंद. सिनेमाला सगळे. सेंटर घेतला नाही, कारण मधोमध एकच माणूस बसत असेल तर पुढचे दोघे मिळून मधला आवाज बिनचूक उभा करतात. रिसीव्हरला सेंटर नाही असं सांगितलं की संवाद दोघांत वाटले जातात. भाचा शेजारी स्टूल घेऊन बसतो तेव्हा त्याला मात्र सगळी पात्रं डाव्या स्पीकरमधून बोलताना ऐकू येतात. त्याला म्हटलं, पेन्सिलीची खूण एकच आहे.

आता तो नव्या, दहा इंची सबवूफरच्या मागे लागला आहे. मला तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं पटतं, कारण ठोकळ्याला पन्नासच्या खाली काही जमत नाही. पण पन्नासच्या खालचं स्लॅबमधून सरळ खाली जातं, आणि आमच्या बरोबर खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडे पडून आहे. तो मंजूर होईपर्यंत ठोकळाच.